चोरांसाठी ठेवलेलं पाकीट

एन्सेनाडा हे नाव कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते विश्राम कर्णिकच्या ड्राइव्हवेवर. जून महिना, म्हणजे तिथला हिवाळा, गवतावर पांढरं दव गोठलेलं, आणि विश्राम पिवळ्या झाकणाचा कचऱ्याचा डबा आत ओढत होता. शेजारचा गुरुदत्त आपला डबा ओढत आला आणि म्हणाला, "काय मग, ऑगस्टमध्ये कुठे?" विश्रामच्या तोंडून निघून गेलं, "मेक्सिको. एन्सेनाडा."

आपण होऊन कुणाला कसलीही माहिती द्यायची नाही, हा कॅनबेरातल्या सरकारी नोकरीचा पहिला नियम. विश्रामने तो एकोणीस वर्षं पाळला होता. त्या सकाळी थंडीने घात केला.

"ते कुठे आलं?"

"बंदर आहे. पॅसिफिकवर. अमेरिकेच्या हद्दीपासून दोनेक तास."

"आणि तिथे काय?"

तिथे निहारिका होती. विश्राम आणि मेधाची एकुलती एक मुलगी, वय सव्वीस. एन्सेनाडाच्या मागे डोंगरांच्या मध्ये एक लांबरुंद दरी आहे, दरीभर द्राक्षमळे आहेत, आणि तिथल्या एका वायनरीत निहारिका दोन वर्षं वाइन करत होती. पीत नव्हती, करत होती. म्हणजे तोंडात घेत होती, पण चूळ भरून टाकावी तशी थुंकत होती, असं तिनेच फोनवर सांगितलं होतं. विश्रामला ते पिण्याहून वाईट वाटलं होतं.

"कॉन्फरन्स आहे निहारिकाची," विश्राम म्हणाला. "बायोकेमिस्ट्रीची."

आता एवढं खोटं बोलायचं कारण काय, असं कुणीही विचारील. कारण होतं, आणि ते लेखी होतं. आठ वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या सर्वसाधारण सभेत 'मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात मद्य असू नये' हा ठराव विश्रामने मांडला होता. नुसता मांडला नव्हता, त्यावर चाळीस मिनिटं बोलला होता. "द्राक्ष हे खाण्यासाठी असतं," हे त्यातलं वाक्य इतकं गाजलं की गुरुदत्तने उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी निहारिकाने घरी येऊन सांगितलं की ती वॅगाच्या युनिव्हर्सिटीत वाइन सायन्सला जाणार आहे. विश्रामने त्यातला 'सायन्स' हा शब्द तेवढा उचलला आणि मंडळात सांगितला. पुढे मंडळाच्या स्मरणिकेत, पान अकरावर, 'आमची गुणी मुलं' या सदरात 'निहारिका कर्णिक, बायोकेमिस्ट' असं छापून आलं. विश्रामने ते दुरुस्त केलं नाही, कारण मजकूर त्यानेच दिला होता.

मेधाचं धोरण सरळ होतं. "मी आपण होऊन सांगणार नाही. पण मला कुणी विचारलं तर खरं सांगेन." त्यामुळे गेली काही वर्षं विश्रामचा मंडळातला बराचसा वेळ मेधाला कुणी काही विचारू नये याची व्यवस्था करण्यात जात होता. ती हळदीकुंकवाला गेली की हा बाहेर गाडीत बसून दर वीस मिनिटांनी तिला फोन करी.

तर, कॉन्फरन्स म्हटल्यावर गुरुदत्त खूश झाला. तो मंडळाचा अध्यक्ष होता, शिवाय एकदा तीन दिवस कॅनकूनला जाऊन आलेला असल्यामुळे संपूर्ण मेक्सिकोचा जाणकार होता. त्याने आपला डबा तिथेच सोडला, विश्रामच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि चहा येईपर्यंत सल्ल्याची यादी सुरू केली. पाणी प्यायचं नाही. बर्फ खायचा नाही. रस्त्यावरचं खायचं नाही. कुणी हसलं तर हसायचं नाही.

"आणि दोन पाकिटं ठेव," तो म्हणाला. "एक खरं, ते मोज्यात. दुसरं चोरांसाठी, खिशात. कुणी मागे लागलं की फेकायचं आणि पळायचं."

"अरे, पण लोक चांगले असतील की," मेधा म्हणाली.

"वहिनी, चांगले लोक मागे लागत नाहीत," गुरुदत्त म्हणाला. जाता जाता त्याने सासुरवाडीचा विषय काढलाच. त्याच्या बायकोच्या, अंजूच्या माहेरची, पिंपळगावची द्राक्षं थेट लंडनला जातात, तिथल्या लोकांच्या ब्रेकफास्टला असतात, हे तो दर भेटीत एकदा सांगत असे. शेवटी म्हणाला, "या वर्षी गणपतीत निहारिकाचा सत्कार करू. तिच्या वतीने तू घे. इंटरनॅशनल कॉन्फरन्स म्हणजे काय चेष्टा आहे का!"

विश्रामचा चहा तसाच गार झाला.

मग प्रवासाची तयारी. विश्रामकडे ऑस्ट्रेलियन पासपोर्ट होता. मेधाने भारताचा सोडला नव्हता, त्यामुळे वाटेतल्या अमेरिकेसाठी तिला व्हिसा लागणार होता. ज्या गावात जगातल्या बहुतेक देशांच्या वकिलाती आहेत, त्या गावातून व्हिसाच्या मुलाखतीला तीन तास गाडी हाकत सिडनीला जायचं, हे विश्रामच्या मनाला लागलं. त्याचं कामच मुळी सरकारी फॉर्म सोप्या भाषेत लिहिण्याचं. त्याने चौऱ्याऐंशी पानांची फाइल केली, तिला अनुक्रमणिका जोडली, घराचा वीजबिलापासूनचा सगळा इतिहास लावला, आणि 'प्रवासाचा हेतू' या मुद्द्यावर मेधाकडून आठ वेळा उत्तर पाठ करून घेतलं.

मेधा चार मिनिटांत बाहेर आली.

"काय विचारलं?"

"विचारलं, कशाला जाताय? म्हटलं, माझी मुलगी वाइन करते, ती प्यायला. तो म्हणाला, लकी यू. झालं."

"आणि फाइल?"

"मागितली नाही."

अनुक्रमणिका तरी बघायला हवी होती, असं विश्रामला परतीच्या वाटेवर राहून राहून वाटत होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती दोघं एन्सेनाडाला पोचली. निहारिकाला वायनरीत सोहळ्याची घाई होती. हंगामाच्या तोंडावर दरीत मोठा उत्सव असतो, सगळ्या वायनरी नव्या बाटल्या उघडतात. "आज तुम्ही टाउन बघा, उद्या मी पिकअप करते. अँड बाबा, प्लीज, रिलॅक्स," असं म्हणून ती गेली.

गुरुदत्तने सांगितलं होतं तसलं गाव तिथे नव्हतंच. होतं ते एक भरभरून वाहणारं, गडबडीचं, आपल्याच नादातलं बंदर. धक्क्याला चार मजली चाळ उभी करावी तसं प्रवासी जहाज लागलेलं, खडकांवर सीलायन लोळत ओरडतायत, आकाशभर फडकेल असा एक प्रचंड झेंडा, आणि नाक्यानाक्यावर ट्युबा, म्हणजे पितळेचे भलेमोठे भोंगे, घेतलेले वादक. माणसं येताजाता हसत होती. विश्राम सल्ल्याप्रमाणे हसत नव्हता, त्यामुळे लोकांना तो आजारी वाटत असावा. दोघांनी तर थांबून विचारपूस केली.

मासळीबाजार आला आणि विश्रामचा निर्धार ढासळला. कर्णिकांच्या घरातला माणूस मासळीसमोर फार वेळ परका राहू शकत नाही. एका टपरीवर तो थांबला, कुणी सांगितलं नसताना माशाचे कल्ले उघडून बघितले, पोटाला बोट लावून पाहिलं आणि मान डोलावली. टपरीवाला, पन्नाशीचा, भल्यामोठ्या मिशीचा माणूस, त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. मग त्याने त्याच माशाचे तुकडे पिठात बुडवून तळले, मक्याच्या पोळीत कोबी आणि लिंबासकट घालून दिले. रस्त्यावरचं खायचं नाही हा नियम विश्रामने पाच टॅको खाईपर्यंत मोडला.

"बोंबील नाही," तो डोळे मिटून म्हणाला, "पण बोंबलाच्या नात्यातला आहे कुणीतरी."

पैसे देताना मात्र त्याला सल्ला आठवला. चारचौघांत काढायचं ते चोरांचं पाकीट. त्याने ते काढलं. त्यात गुंगालिनच्या लायब्ररीचं मुदत संपलेलं कार्ड होतं, सात शिक्के मारलेलं कॉफीचं कार्ड होतं, चोर अगदीच नाराज होऊ नये म्हणून वीस ऑस्ट्रेलियन डॉलरची नोट होती, आणि त्या दिवसापुरते थोडे पेसो होते. पैसे दिले, पाकीट फळीवर ठेवलं, हात पुसले, आणि दोघं निघाली.

पन्नास पावलांवर मागून आरोळी आली. विश्रामने वळून पाहिलं. मिशीवाला धावत येत होता. हातात काहीतरी होतं.

"मेधा, पळ!"

"माझा गुडघा दुखतोय," मेधा म्हणाली आणि बाकावर बसली.

विश्राम पळाला. चोपन्न वर्षांचा, मोज्यात खरं पाकीट कोंबलेला, पोटात पाच टॅको असलेला माणूस समुद्रकाठच्या त्या फरसबंद रस्त्यावरून पळाला. पळता पळता 'पाकीट फेका' हे त्याला आठवलं, खिसा चाचपला, तर पाकीट नाही! म्हणजे फेकायलाही काही उरलं नाही, या विचाराने तो आणखी जोरात पळाला. ट्युबावाल्यांना वाटलं शर्यत आहे. त्यांनी वाजवायला घेतलं. जहाजावरचे प्रवासी टाळ्या वाजवू लागले. झेंड्याखाली एका बोटवाल्याने त्याला घाईघाईने बोटीचं तिकीट देऊ केलं. शेवटी रस्ता संपला, पुढे नुसतं पाणी आणि सीलायन. विश्राम हात वर करून उभा राहिला.

मिशीवाला धापा टाकत आला, काही क्षण कमरेत वाकून उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. हातात चोरांचं पाकीट होतं.

"सेन्योर," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "यू रन व्हेरी गुड."

विश्रामला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पैसे बरोबर आहेत का बघा, म्हणून त्या माणसाने पाकीट उघडून दाखवलं, आणि त्याचं बोट लायब्ररीच्या कार्डावर थांबलं. त्याने अक्षरं लावली. मग विश्रामकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे.

"विश्राम?" तो म्हणाला. "ला इहा दे विश्राम? तो विश्राम?"

"माझं नाव विश्राम आहे," विश्राम म्हणाला. हे कबूल करायला हरकत नसावी असं त्याला वाटलं.

त्यावर त्या माणसाने विश्रामला जी मिठी मारली तिच्यात मासळीचा पूर्ण बाजार होता. मग दंड धरून त्याने त्याला परत टपरीकडे नेलं. वाटेत तो दिसेल त्याला ओरडून काहीतरी सांगत होता, आणि माणसं येऊन विश्रामचा हात हलवत होती, "डॉन विश्राम! डॉन विश्राम!" डॉन म्हणजे आपलं 'राव'. ऑफिसात एकोणीस वर्षं ज्याला लोक नुसतं 'विश' म्हणत आले, त्याला बंदरातला बोटवाल्यापासून कोळ्यापर्यंत प्रत्येक माणूस पुरत्या नावाने ओळखत होता. टपरीच्या भिंतीवर उत्सवाचं पोस्टर होतं. त्यावर यंदाच्या नव्या वाइन्सची नावं होती, आणि तिसऱ्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ला इहा दे विश्राम.

"म्हणजे काय?" मेधाने विचारलं. ती बाकावरून सावकाश चालत येऊन पोचली होती.

"विश्रामची मुलगी," मिशीवाला म्हणाला. "तिची पहिली वाइन. तिच्या स्वतःच्या पिंपातली. ती दर शनिवारी इथे वायनरीसाठी मासे घ्यायला येते. आधी कल्ले उघडते, पोट दाबते. मी म्हटलं, मुली, हे कुठे शिकलीस? म्हणाली, माझ्या बाबांनी शिकवलं." त्याने विश्रामकडे बोट केलं. "मघाशी तुम्ही कल्ले उघडलेत, तेव्हाच मला वाटलं, असं करताना दुसऱ्या कुणाला तरी मी पाहिलंय."

विश्रामने चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी दरीत, ओळीने लावलेल्या लांब टेबलांमागे निहारिका उभी होती. उन्हाने रापलेली, नखांखाली जांभळी रेघ, आणि समोरच्या माणसांना स्पॅनिशमध्ये असं काही समजावून सांगत होती की ती सगळी गप्प बसून ऐकत होती. विश्रामही त्यातलं एक अक्षर न कळता पाऊण तास ऐकत उभा राहिला. आपण चाळीस मिनिटं बोललो तेव्हा मागच्या दोन रांगा जेवायला उठून गेल्या होत्या, हे त्याला आठवलं.

गर्दी ओसरल्यावर ती ग्लास घेऊन आली. विश्रामने बाटली हातात घेतली, लेबलावर बोट फिरवलं.

"तू सांगितलं नाहीस."

"सरप्राइज होतं. बट यू फाउंड आउट फ्रॉम द फिश गाय." ती हसली, मग थोडं थांबून म्हणाली, "बाबा, स्मरणिकेचं पान अकरा मी पाहिलंय. इट्स ओके. तुम्हाला मंडळात जे सांगायचंय ते सांगा. लेबलवर मला जे लिहायचं होतं ते मी लिहिलं."

विश्रामने ग्लास तोंडाला लावला. आंबट लागली, मग तुरट, मग कोकमाचं आगळ घशाखाली उतरल्यावर लागतं तसं काहीतरी मागे रेंगाळलं. चांगली की वाईट ते त्याला कळलं नाही. पण थुंकायची बादली त्याच्यापुढे सरकवली तेव्हा त्याने ती बाजूला केली आणि ग्लास रिकामा केला. मग दुसरा मागितला. मेधाने आपलाही ग्लास पुढे केला.

सिडनीच्या विमानतळावर दोन बाटल्या मुकाट्याने घेऊन जाता आल्या असत्या, तेवढी मुभा असते. तरी विश्राम अधिकाऱ्यापाशी थांबला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "बॅगेत वाइन आहे. माझ्या मुलीने केलेली." अधिकारी म्हणाला, "गुड ऑन हर, मेट." विश्रामने हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं, आणि छत कोसळलं नव्हतं.

तरी मंडळ म्हणजे विमानतळ नव्हे. गणपतीच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती, समोर आरास, मोदकांचा वास, आणि माइकवर गुरुदत्त. "आपल्या निहारिकाने मेक्सिकोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बायोकेमिस्ट्रीचा झेंडा रोवला!" टाळ्या झाल्या. "आणि तिचे वडील सुखरूप परत आले ते माझ्या दोन पाकिटांच्या सल्ल्यामुळे!" आणखी टाळ्या झाल्या. विश्रामच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. आता नुसतं 'आभारी आहे' म्हणून खाली उतरलं की झालं असतं. जन्मभर पुरलं असतं.

त्याने माइक धरला.

"परिषद नव्हती," तो म्हणाला. "आणि निहारिका बायोकेमिस्ट नाही. ती वाइन करते."

गुरुदत्त कानाशी पुटपुटला, "अरे, विषय बदल."

विश्रामने खिशातून चोरांचं पाकीट काढलं. त्यात आता लायब्ररीच्या कार्डाशेजारी एक लेबल होतं. आदल्या रविवारी दुपारी तळलेल्या माशाबरोबर मेधाने आणि त्याने एक बाटली संपवली होती, आणि रिकामी बाटली कोमट पाण्यात भिजवून ते त्याने अलगद सोडवलं होतं. "बाटली इथे आणलेली नाही. गणपतीसमोर नको ते नकोच, माझा ठराव आहे तसाच राहू दे. पण ठराव बाटलीबद्दल होता, मुलीबद्दल नव्हता. तो तिला मी लावला. सहा वर्षं लावला." त्याने लेबल वर धरलं. मागच्या लोकांना ते टपाल तिकिटाएवढं दिसलं असेल. "हे तिच्या पहिल्या वाइनचं नाव. ला इहा दे विश्राम. विश्रामची मुलगी. मी तिचं काम लपवलं, आणि तिने त्याच्यावर माझं नाव घातलं."

मागच्या रांगेतले काही जण लेबल बघायला उभे राहिले.

पहिल्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला. "तोडणीला साखर किती धरली होती?"

ती लताआजी होती, अंजूची आई, पिंपळगावहून तीन महिन्यांसाठी आलेली.

"चोवीस टक्के," विश्राम म्हणाला. निहारिकाने टेबलामागून सांगितलेला हा एक आकडा त्याने पाठ केला होता.

"चोवीस! मग कळतंय पोरीला. आमचा मळ्यातला गडी बावीसलाच तोडायची घाई करतो."

"आई, आपली लंडनला जातात ना," अंजू घाईने म्हणाली.

"कसली लंडनला? बारा वर्षं झाली, सगळी वायनरीला जातात," लताआजी म्हणाली. "जावईबापूंना माहीत आहे की. तेच तर दर वर्षी फोनवर भाव विचारतात."

गुरुदत्त आरतीचं तबक शोधायला लगबगीने निघून गेला. हॉलमध्ये आधी एक जण हसला, मग दोनशे, आणि मग ज्या टाळ्या वाजल्या त्या आठ वर्षांपूर्वीच्या ठरावालाही वाजल्या नव्हत्या. विश्राम शाल सावरत उभा होता, आणि त्याचा ऊर इतका भरून आला होता की नारळ कुणीतरी हातातून काढून घेतला तरी त्याला कळलं नाही. लताआजी वर आली, लेबल डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाली, "तोडणीआधी वेलींचं पाणी कधी तोडलं होतं ते विचार तिला. माझ्या वतीने."

सोमवारी सकाळी विश्राम लाइट रेलने ऑफिसला निघाला. मांडीवर वही होती. शहराच्या मध्यावरचं सिव्हिक येईपर्यंत त्याने एक मजकूर लिहिला, खोडला, सोपा केला, परत लिहिला. तो मंडळाच्या पुढच्या पत्रकात, चौकटीत, जसाच्या तसा छापून आला:

"शुद्धिपत्र. स्मरणिका, पान अकरा. 'निहारिका कर्णिक, बायोकेमिस्ट' याऐवजी 'निहारिका कर्णिक, वाइन करते, उत्तम करते' असे वाचावे. चूक छपाईची नाही, वडिलांची आहे."

खाली नाव, हुद्दा, काही नव्हतं. सही एवढीच होती: निहारिकाचा बाप.